जंगलातल्या एमटीबी रेसची रेकी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पावसाळा संपला की सह्याद्रीतल्या एमटीबी म्हणजे माउंटन बाइक रेसेसची नावनोंदणी सुरू होते आणि माझ्याकडे रेकीबद्दल, म्हणजे रेसआधी रूट जाऊन बघण्याबद्दल, तेच ते प्रश्न यायला लागतात. मी रायडर्सना ट्रेलवर शिकवतो, रेसला मार्शल म्हणूनही उभा राहतो, पडलेल्या पोरांना धरून डांबरी रस्त्यापर्यंत आणलंय, त्यामुळे कुठे कडक बोललो तर राग मानू नका.

रूटची जीपीएक्स (जीपीएस नकाशाची) फाइल मिळाली, घड्याळात टाकली. तरी जाऊन बघायला हवं का? (नाशिक)

हो. फाइल वाट दाखवते, वाटेवरचा दगड दाखवत नाही. त्यात दाट झाडीत आणि घळीत जीपीएसची रेघ सरकते, आणि दोन ढोरवाटा शेजारी शेजारी असल्या की हमखास चुकीची पकडली जाते.

दिवाळीत रेकी केली, सगळ्या रूटचा व्हिडिओ काढलाय. रेस फेब्रुवारीत आहे. मग आदल्या दिवशी परत जाऊन पाय कशाला दमवू? (पुणे)

इथे मी जरा लांबलचक बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं मी याच समजुतीपायी पडताना बघितलीत.

२६ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिकची क्रॉसकंट्री रेस, इझूचा कोर्स. मॅथ्यू व्हॅन डर पूल, जगातल्या सगळ्यात भारी रायडर्सपैकी एक, पहिल्याच लॅपला एका मोठ्या खडकावरून खाली येताना सरळ हँडलवरून पुढे फेकला गेला. प्रॅक्टिसला तिथे उतरायला लाकडी फळी होती, रेसला ती काढलेली होती आणि हे आपल्याला माहीतच नव्हतं असं तो नंतर म्हणाला. शेवटी त्याला रेस सोडावी लागली. त्याच्यामागे अख्खी टीम होती हो, आणि तुम्ही तीन महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबताय!

आपल्याकडे तर फळी काढायलाही कुणी लागत नाही, ऋतूच रूट बदलतो. दिवाळीत माती ओलसर आणि बसलेली असते, फेब्रुवारीपर्यंत तिची भुकटी होते, मुरूम सुटतो आणि चाकाखाली गोट्यांसारखा फिरतो. साग पानं गाळतो, त्या पानांखाली मुळं आणि धोंडे दिसेनासे होतात. वणवा पसरू नये म्हणून वनखातं जाळरेषा काढतं, मग जिथे नुसतं गवत होतं तिथे नवीन रुंद वाट दिसायला लागते आणि माणूस तिकडेच वळतो. कुणी शेतकरी ढोरं येऊ नयेत म्हणून पायवाटेवर काटेरी फांद्या टाकतो, आणि ते त्याचं कामच आहे, बघून चालवणं आपलं काम. व्हिडिओत तर उतार सपाट दिसतो, तो बघून मनात जी हिंमत येते ती खोटी असते.

मग रेकी करायची कशी? रेस ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जा, कारण सकाळच्या तिरप्या उन्हातून एकदम झाडीत शिरलं की दोन-तीन सेकंद काही दिसत नाही आणि नेमका तिथेच वळण असलं तर संपलं. सगळा रूट जोरात मारायची गरज नाही. अवघड जागा आली की सायकल आडवी टाका, चालत खाली उतरा, खालून वर बघा, लाइन (चाक नेमकं कुठून न्यायचं ते) ठरवा, मग हळू चालवून बघा, जमलं नाही तर बी-लाइन, म्हणजे बाजूची सोपी वाट, कुठून आहे ते तिथेच पक्कं करा. खूण म्हणून वारूळ, वाकलेलं ऐनाचं झाड, पांढरा धोंडा असं हलणार नाही ते धरा. खाली तोंड केलेल्या बाणांच्या पाट्यांचा अर्थ पण समजून घ्या: एक बाण म्हणजे सावध, दोन म्हणजे धोका, तीन म्हणजे मोठा धोका. आणि आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगला जाऊन रेस डायरेक्टरला सरळ विचारा, "मार्किंग झाल्यापासून काय काय बदललंय?" संकोच करू नका.

रूट राखीव जंगलातून आहे. आयोजकांनी रेसची परवानगी काढलीये, ती रेकीलाही चालते ना? (सातारा)

असं गृहीत धरू नका. राखीव जंगलात विनापरवानगी घुसणं १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, तिथे रीतसर परवानाच हवा. "गावातले म्हणाले चालतं" ही परवानगी नव्हे. आरएफओच्या (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या) ऑफिसात जाऊन लेखी विचारा, शक्य असेल तर त्या बीटच्या वनरक्षकालाही भेटा, कारण गवे पाण्यावर कुठे येतात आणि आग्या मोहोळ कुठे लटकलंय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन फोनमध्ये असू द्या.

टायरमध्ये हवा किती? (कोल्हापूर)

तुमचं वजन आणि टायर बघून मेकॅनिक सांगेल. रेकीला ठेवाल तीच रेसला ठेवा.

एक जण "सिक्रेट लाइन"वालं रेकी पॅकेज विकतोय, त्याच्याकडचे टायर घेतले तरच या ट्रेलवर टिकतील म्हणतो. घ्यावं का? (ठाणे)

नाही. टेप लावलेल्या रूटवर गुपित लाइन कसली आलीये, जे आहे ते सगळ्यांना दिसतं. टेपच्या बाहेरून शॉर्टकट शिकवत असेल तर बादच व्हाल. सोबत जाणकार माणूस हवा असेल तर आयोजकांना विचारा, बरेचदा त्यांची स्वतःचीच प्रॅक्टिस राइड असते. टायरचं त्याला नको, ज्याला ते विकायचे नाहीत अशा माणसाला विचारा.

फुरसं चावलं तर वर घट्ट बांधून चीर द्यायची असं मित्र सांगतो. किट ठेवू का? (रत्नागिरी)

चीर नको, चोखणं नको, आवळून बांधणं नको, किट पण नको. हे ऐकीव ज्ञान जीव घेतं. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलवू नका, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा, मांत्रिकाकडे एक मिनिट घालवू नका. मात्र प्रतिविष कुठल्या दवाखान्यात असतं हे रेकीच्या दिवशीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारून या. ट्रेलला नेटवर्क कुठे जातं तेही लिहून ठेवा.

एकट्याने रेकी केली तर? (नागपूर)

नको.

परवा रेकीत पडलो, हेल्मेट आपटलं. तेव्हापासून डोकं दुखतंय, थोडी मळमळ आहे. रेस रविवारी आहे, तोपर्यंत बरं वाटेल ना? (अहिल्यानगर)

तुम्ही दोन दिवस थांबलात हेच चुकलं. आजच्या आज डॉक्टरकडे जा, एकट्याने गाडी चालवत जाऊ नका, घरच्या कुणाला बरोबर घ्या. उलट्या झाल्या, झापड आली, बोलताना गडबड झाली तर ओपीडीची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला. रविवारचं डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही आणि मी पण नाही. आणि ते हेल्मेट परत घालू नका, बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या वेळी वाचवत नाही.