नवं मॉड्यूल राहू द्या, आधी एक जुनी वही बंद करा

तुमची अडचण मला अशी समजली: कार्यालयात संगणक प्रणाली सुरू होऊन दोन वर्षं झाली, सगळी टेबलं लॉगिन करतात, वरिष्ठांना डॅशबोर्ड दिसतो, तरी काम कमी व्हायचं सोडून दुप्पट झालंय. वरून विचारणा आलीय की एवढा खर्च केला, आता फायदा दाखवा. आणि सॉफ्टवेअरचा पुरवठादार म्हणतोय, पुढचं मॉड्यूल, म्हणजे प्रणालीचा आणखी एक भाग, घ्या, मग दिसेल. ते घ्यावं का?

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

मी या कामात वीसेक वर्षं आहे. आधी पुरवठादाराकडे होतो, नंतर टेबलाच्या पलीकडे, कार्यालयाच्या बाजूला येऊन बसलो. आता कुठेही गेलो की सॉफ्टवेअर बघायच्या आधी एकच विचारतो: जुनी नोंदवही कोणत्या तारखेला बंद झाली? बहुतेक ठिकाणी लोक हसतात. 'चालूच आहे साहेब. असू दे, आधार म्हणून.' म्हणजे आवक, आलेल्या कागदांची नोंद, एकदा वहीत आणि एकदा पडद्यावर. अर्ज ऑनलाइन येतो, त्याची प्रिंट निघते, प्रिंटवर सही होते, ती स्कॅन करून पुन्हा चढवली जाते. जुनं काम जागच्या जागी आहे, त्याच्या डोक्यावर नवं बसलंय. तेव्हा काम दुप्पट झालं ही तुमच्या लोकांची कुरकुर नाही, सरळ हिशेब आहे.

पण वही चालू ठेवणाऱ्याला संगणकाला घाबरणारा समजू नका. (वयाचं कारण तर सांगूच नका. जी माणसं घरी नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलतात, त्यांना चार रकाने भरता येत नाहीत हे मला पटत नाही.) वही चालू असते, कारण पडद्यात काहीतरी राहून गेलेलं असतं.

एक आमचाच प्रताप सांगतो. एका कार्यालयाच्या नोंदवहीत शेवटचा रकाना होता 'शेरा'. प्रणाली बनवताना आम्ही बाकी सगळे रकाने घेतले आणि तो वगळला. त्यात लोक वाटेल ते लिहितात, त्याचा तक्ता निघत नाही, मग ठेवायचा कशाला, असा आमचा विचार. पण टेबलाचं अर्धं डोकं त्याच रकान्यात होतं: 'मूळ प्रत पाहिली', 'भावाचा आक्षेप, तोंडी', 'पत्र परत आलं'. रकाना गेला, गरज राहिली. मग लोकांनी वाट काढली. पत्त्याची दुसरी ओळ बऱ्याचदा रिकामी असते, तिथे शेरे टाकायला सुरुवात झाली. काही महिने आम्हाला याचा पत्ताच नव्हता. पुढे प्रणालीतूनच लेबलं छापून पत्रं रवाना झाली आणि एका अर्जदाराच्या पाकिटावर नाव, घर क्रमांक आणि त्याखाली छापून आलं: 'वारंवार येऊन वाद घालतो'. गृहस्थ ते पाकीट नाचवतच वाद घालायला आले.

शेऱ्याचा रकाना नंतर दोन दिवसांत झाला. पण तोवर ड्रॉवरमध्ये एक खासगी वही सुरू झाली होती, आणि ती सुटायला वर्ष गेलं.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक टेबलावर जाऊन वही मागा. कपाटातली अधिकृत नव्हे, ड्रॉवरमधली. त्यात असलेलं पण पडद्यावर नसलेलं जे जे सापडेल, तीच तुमची खरी मागणी. पडद्यावरचा कचराही बघा. मोबाइलच्या सक्तीच्या रकान्यात दहा वेळा नऊ, जन्मतारखेत ओळीने १ जानेवारी. ज्याची माहिती नाही त्याचीच सक्ती केली की माणूस हेच करणार. आणि साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरकडे आहे का, तेही हळूच बघून घ्या. तसं असेल तर मंजुरी कोणी आणि कधी दिली, ही प्रणालीतली सगळ्यात कामाची नोंदच खोटी ठरते. यातले बहुतेक बदल देखभालीच्या करारात बसतात. पुरवठादार त्यांनाच नवं मॉड्यूल म्हणून विकत नाहीये ना, तेवढं तपासा.

आता दुसरं टोक. 'मग काढतो आदेश आणि एका फटक्यात सगळं बंद करतो', असंही करू नका. कॅनडाच्या केंद्र सरकारने पगाराची फीनिक्स प्रणाली २०१६ मध्ये सुरू केली. जवळपास २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांचे पगार, ८० हजारांहून जास्त नियम. वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता, आणि ती बचत मुख्यतः माणसं कमी करून होणार होती. त्यामुळे वेगवेगळ्या खात्यांत पगाराचं काम बघणारी सुमारे १२०० पदं गेली आणि मिरामिची या एकाच गावातल्या केंद्रात साडेपाचशे माणसं बसवली. प्रणाली खर्चात बसवायची म्हणून तिने करायची म्हणून ठरलेल्या ९८४ कामांपैकी शंभरहून अधिक वगळली. एका खात्यात आधी करून बघायचं ठरलं होतं, तेही रद्द केलं. मग कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. सॉफ्टवेअर वाईट होतं एवढ्यावर हे सुटत नाही. कोणाचा भत्ता कशामुळे अडतो हे ज्यांना तोंडपाठ होतं, ती माणसं प्रणाली उभी राहायच्या आत गेली होती. तुमच्या भाषेत सांगायचं तर शेऱ्याचा रकानाच चालून निघून गेला.

बंद करायचं तर डेन्मार्कसारखं. सरकारी पत्रं डिजिटल टपालपेटीत देण्याचा कायदा २०१२ चा, आणि १५ वर्षांच्या आणि त्यावरच्या नागरिकांना ती पेटी बंधनकारक झाली १ नोव्हेंबर २०१४ ला. तारीख दोन वर्षं आधीपासून सगळ्यांना ठाऊक, आणि ज्याला जमणार नाही त्याला सूट मागायची सोय. दोन्ही लागतं. तारीख नसेल तर कोणी हलत नाही आणि सूट नसेल तर नेमकी ज्याला गरज आहे तीच व्यक्ती बाहेर राहते.

एस्टोनियाचं उदाहरण सगळेच देतात आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी देतात. तिथे एक महाकाय डेटाबेस आहे असं नाही. २००१ पासूनच्या त्यांच्या एक्स-रोड व्यवस्थेत प्रत्येक खातं आपली माहिती आपल्याकडेच ठेवतं आणि दुसऱ्या खात्याला लागली तर ती सुरक्षित मार्गाने विचारून घेतं. मला त्याहून मोलाची वाटते ती कायद्यातली तरतूद: तीच माहिती गोळा करायला वेगळा डेटाबेस उभारायला तिथे मनाई आहे. म्हणजे दुसरी वही उघडायलाच बंदी. तंत्रज्ञान त्या मानाने सोपं होतं. 'ही माहिती आमची नाही, त्या खात्याची आहे' हे प्रत्येक खात्याकडून कबूल करून घेणं अवघड असतं.

वर काय फायदा दाखवायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न. मनुष्यबळाची बचत दाखवू नका. ती दिसत नाही, आणि दाखवलीत तर पुढच्या वर्षी दोन पदं जातील. किती अर्ज ऑनलाइन आले हाही आकडा फसवा आहे; त्यातून एवढंच कळतं की दुसरा मार्ग बंद होता. मी तीन गोष्टी मोजतो. एका कामासाठी नागरिकाला किती हेलपाटे पडले. दुसऱ्या सरकारी कार्यालयाने दिलेले किती कागद आपण अजून त्याच्याकडूनच मागतो. आणि अर्ज आल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत प्रत्यक्ष काम किती वेळ झालं. तिसऱ्यात बहुतेकांचे डोळे उघडतात. समजा अर्ज तीन आठवडे कार्यालयात राहिला आणि त्यावर सगळं मिळून तासभर काम झालं, तर संगणकाने त्या तासाचा अर्धा तास केला तरी अर्जदाराला काय कळणार? तीन आठवडे तो सहीच्या वाटेवर पडून होता. एक सही कमी केलीत तर लगेच कळेल, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही.

नुसत्या बचतीच्या मागे लागलं की काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथे कल्याणकारी भत्ते पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरत. कर खात्याकडे मात्र वर्षाचं उत्पन्न होतं. ज्या योजनेला पुढे लोकांनी 'रोबोडेट' नाव ठेवलं, तिच्यात वर्षाच्या उत्पन्नाला २६ ने भागून तो सरासरी आकडा प्रत्येक पंधरवड्याशी ताडला जाई. सहा महिने नोकरी आणि सहा महिने बेकार असलेला माणूस या गणितात लबाड ठरायचा. पूर्वी अशी तफावत दिसली की कर्मचारी मालकाकडे चौकशी करत. आता वसुलीची नोटीस जायची आणि 'चूक तुमची नाही हे तुम्हीच सिद्ध करा' असं सांगितलं जायचं. २०१६ पासून हे मोठ्या प्रमाणावर चाललं, पुढे बेकायदा ठरलं आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्याची लक्तरं काढली. वसुलीच्या कागदावर फायदाच फायदा दिसत होता.

तर पुढच्या महिन्यात एकच वही निवडा. आवक नको, तिच्यावर सगळ्यांचा जीव असतो आणि भांडण तिथेच होईल. जावक, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांची वही, घ्या. क्रमांक प्रणाली देतेच, आणि जावक वहीतून काही शोधायला सहसा कोणी येत नाही. तारीख आधी लेखी कळवा. त्या दिवशी वहीच्या शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारा, शेवटचा क्रमांक, तारीख, सही, आणि त्याखाली प्रणालीतला पहिला क्रमांक. मग वही त्याच दिवशी अभिलेख कक्षात पाठवा. शेजारच्या कपाटात ठेवलीत तर आठवड्याभरात परत टेबलावर येते.