"उत्तर वाचलं की कळतं, पण मला सुचत नाही"

इन-सेमच्या, म्हणजे सत्राच्या मध्यावरच्या परीक्षेच्या, तारखा लागल्या की इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेची मुलं माझ्याकडे, समुपदेशकाकडे, यायला लागतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं एकच असतं. "मॅडम, सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं कळतं. नवा प्रश्न आला की हात चालत नाही. माझ्यात ते डोकंच नाही." विषय असतो 'डिझाइन अँड ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स', मुलांच्या तोंडी डीएए. अल्गोरिदम म्हणजे प्रश्न सोडवण्याची पायरी-पायरीची पद्धत. एरवी फटाफट कोड लिहिणारी मुलंसुद्धा इथे येऊन अडखळतात.

यशदाचंही तसंच होतं. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) दहावीनंतर डिप्लोमा करून ती थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलेली. घरी शेती, डोक्यावर शैक्षणिक कर्ज. वर्गातल्या दोघातिघांना प्लेसमेंटच्या ऑफर मिळाल्या होत्या आणि ती मात्र कोडिंग टेस्टच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडत होती. डीएएच्या तासाला बसणं तिने बंद केलं होतं. रात्री दोन-दोनपर्यंत व्हिडिओ बघायची आणि सकाळी उठायचीच नाही.

पहिल्या भेटीत मी अभ्यासाचा विषय काढत नाही. झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं, घरी फोन, हे विचारते. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारते. आडून विचारलं की मुलं आडूनच उत्तर देतात. यशदाला तसं वाटत नव्हतं, पण "घरी परत जावंसं वाटतं" असं ती दोनदा म्हणाली. तिला मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिला. तो सरकारी आहे, मोफत आहे आणि रात्री दोन वाजताही उचलला जातो. मग सांगितलं, पुढच्या वेळी वही घेऊन ये.

त्या वहीने मला बरंच काही सांगितलं. सुंदर अक्षर, रंगीत पेनं, चौकटीतली सूत्रं, आणि पानामागून पान एकही खाडाखोड नाही. सगळी उत्तरं व्हिडिओतून उतरवलेली, शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर. चुकीची वाट धरून मग मागे फिरल्याची खूण कुठेच नव्हती. दुसऱ्याचं उत्तर वाचताना जे 'कळतं' ते खोटं नसतं, पण त्याने सुचायला लागत नाही. सुचण्यासाठी आधी स्वतःचा एखादा तोडका विचार कागदावर उतरावा लागतो आणि तो का फसला ते बघावं लागतं.

मी पूर्वी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचे, त्यामुळे मला एवढं धाडस करता आलं. तिला म्हटलं, "25, 20, 10 आणि 5 पैशांची नाणी आहेत, हवी तेवढी. कमीत कमी नाण्यांत 40 पैसे दे." (ही चारही नाणी आपल्याकडे एके काळी एकाच वेळी चलनात होती. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर कायमची बंद झाली.) तिने लगेच लिहिलं : 25, 10, 5. तीन नाणी. मोठ्यात मोठं नाणं आधी उचलायचं, हा तिचा नियम.

"याहून कमी होतच नाहीत, असं मला पटवून दे."

ती थांबली, पेन खाली ठेवलं, परत उचललं. "वीस आणि वीस! दोनच!" पुढच्याच क्षणी तिने विचारलं, "मग आत्ताच्या 1, 2, 5, 10, 20 रुपयांना हा नियम कसा काय चालतो?"

हा प्रश्न तिचा होता, कुठल्या व्हिडिओतला नव्हता. तिला मी तिथेच सांगितलं की डीएए हा विषय नेमका याच प्रश्नाचा आहे : कुठली पद्धत कधी चालते, कधी फसते आणि ते सिद्ध कसं करायचं.

मग तिने 5 पैशांपासून तक्ता भरायला घेतला. 5 ला एक नाणं, 10 ला एक, 15 ला दोन, 20 ला एक, 25 ला एक, 30 ला दोन, 35 ला दोन. 40 साठी शेवटचं नाणं चारांपैकी एक असणार, म्हणून मागे 15, 20, 30 आणि 35 ही घरं बघायची. तिथे 2, 1, 2, 2. सगळ्यात लहान 1, त्यात शेवटचं एक मिळवलं की 2. तक्त्याकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, हे डीपी आहे." डायनॅमिक प्रोग्रॅमिंग : छोट्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवायची आणि त्यांवरून मोठ्याचं काढायचं. ज्याच्या नावानेच तिला घाम फुटायचा ते हेच.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. 'सिद्ध कर' म्हटलं की ती गप्प व्हायची. गणिती विगमन (पहिल्या पायरीला खरं, आणि एका पायरीला खरं तर पुढचीलाही खरं, असं दाखवून सगळ्यांसाठी सिद्ध करणं) तिने कधी नीट शिकलंच नव्हतं. आपल्या राज्य मंडळात ते अकरावीच्या गणितात येतं आणि डिप्लोमाची मुलं अकरावी-बारावी करतच नाहीत. डीएएच्या तासाला मात्र ते येतं असं धरूनच पुढे जातात. लॉगॅरिदम आणि श्रेढींची बेरीज यांतही तिच्या अशाच फटी होत्या. बुद्धी कमी आहे म्हणून ती वर्षभर स्वतःला कोसत होती. कमी होती ती चार प्रकरणं. अकरावीचं पुस्तक आणून ती बसली आणि दिवाळीच्या सुट्टीत ती प्रकरणं उरकलीही. डिप्लोमाहून आलेल्या मुलांना हे कुणीतरी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायला हवं, असं मला फार कळकळीने वाटतं.

तिच्या मनात आणखी एक काटा होता. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाला 1956 मध्ये सर्वांत जवळच्या वाटेचा अल्गोरिदम कॅफेत बसून वीस मिनिटांत, कागद-पेनाशिवाय सुचला, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. डाइक्स्ट्राने स्वतःच तसं सांगून ठेवलं आहे. पण तेव्हा तो प्रोग्रॅमिंगच्या कामात काही वर्षं मुरलेला होता. आणि जाणत्यांचंही चुकतंच. बायनरी सर्च घ्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधलं बघून अर्धी यादी सोडून देत शोधणं. जावासारख्या भाषेच्या लायब्ररीत, जाणत्यांनी लिहिलेल्या त्या चार ओळींत मधला क्रमांक काढताना फार मोठ्या आकड्यांची बेरीज मर्यादेबाहेर जायची, आणि ही चूक 2006 मध्ये उजेडात आली. यशदाने त्या रात्री स्वतःचा कोड उघडून बघितला. तिच्याकडेही तीच चूक होती. दुसऱ्या दिवशी हे सांगताना ती चक्क खुशीत होती.

घरचं बोलणं तिला सगळ्यांत जड गेलं. बॅकलॉग लागला, म्हणजे विषय राहिला, तर बाबांना काय सांगू, हेच तिच्या डोक्यात घोळत असायचं. मी म्हटलं, निकालाची वाट न बघता आत्ताच सांग. तिने फोन केला. बाबांनी विचारलं, "परत बसायला किती पैसे लागतात?" आकडा ऐकून म्हणाले, "मग एवढं काय रडतेस!"

इन-सेमला तिला कमीच मार्क पडले. एंड-सेमला, सत्राअखेरच्या परीक्षेत, विषय सुटला, बेताच्याच मार्कांनी. नोकरीचा शोध चालू आहे, आणि कोडिंग टेस्टच्या पहिल्या फेरीतून ती आता बहुतेक वेळा पुढे जाते.

तुमचीही अडचण हीच असेल तर या आठवड्यात तीनच प्रश्न घ्या. प्रत्येकावर अर्धा तास उत्तर न बघता बसा. चार-पाच आकड्यांचं छोटं उदाहरण हाताने सोडवा, सुचेल तो नियम लिहा आणि तो मोडणारं उदाहरण शोधा. अडलात तर उत्तराची पहिलीच ओळ वाचून झाका. दोन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. खोडलेलं मात्र फाडू नका; सरांकडे किंवा माझ्यासारख्या कुणाकडे जाल तेव्हा तीच पानं सोबत न्या.