फ्रँकफर्टच्या हायवेकडची ती दोन विमानं

प्रश्न : मुलगी फ्रँकफर्टला असते, तिचं ऑफिस विमानतळाला लागून असलेल्या गेटवे गार्डन्समध्ये आहे. यंदा तिच्याकडे गेलो तेव्हा डार्मश्टाटच्या रस्त्यावर, विमानतळाच्या कुंपणापाशी दोन जुनी पंख्यांची विमानं दिसली. शेजारी तीन बोटं वर करून वाकवावीत तसा काँक्रीटचा उंच स्तंभ. आमचे हे म्हणाले, "डकोटा आहेत." जावई म्हणाले, "इथे अमेरिकनांचा तळ होता." एवढ्या गजबजलेल्या विमानतळात परक्या देशाचा लष्करी तळ कसा? आणि मग तो गेला कुठे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचे यजमान निम्मे बरोबर आहेत. दोन इंजिनांचं, शेपटीवर बसलेलं ते डकोटा, म्हणजे सी-47. दुसरं चार इंजिनांचं सी-54 स्कायमास्टर. त्या जागेचा खरा मानकरी हे दुसरं विमान, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

जावईही बरोबर आहेत. तो ऱ्हाइन-माइन हवाई तळ. मार्च 1945 मध्ये अमेरिकन फौजांनी फ्रँकफर्टचा विमानतळ घेतला, आणि तळ जर्मनांच्या हाती परत आला तो 2005 च्या डिसेंबरअखेर. मधली साठ वर्षं उत्तरेला नागरी विमानतळ, दक्षिणेला अमेरिकन हवाई दल आणि धावपट्ट्या दोघांच्या सामाईक, असा संसार चालला.

मी विमान दुरुस्तीतला माणूस. ऐंशीच्या दशकात नोकरीनिमित्त तिथे होतो. आमचं जंबो उत्तरेच्या बाजूला उभं असायचं आणि पलीकडे झाडांच्या रांगेपुढे गॅलक्सी, म्हणजे अमेरिकन हवाई दलाचं अवाढव्य मालवाहू विमान, नाक वर उचलून जबडा उघडून बसलेली. आतून ट्रक, जीपगाड्या, कधी अख्खं हेलिकॉप्टर बाहेर यायचं. गॅलक्सी निघाली की तिच्या इंजिनांची शिट्टी हेडफोन घालूनसुद्धा दातांत जाणवायची. रॅम्पवरचा आमचा जर्मन फोरमन तेवढ्यापुरतं बोलणं थांबवायचा आणि ती उडाली की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचा. कटकट नाही, काही नाही. सवयच झाली होती त्याला.

आता स्तंभाचं. युद्धानंतर पश्चिम बर्लिन अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सच्या ताब्यात, पण भोवतीचा सगळा मुलूख सोव्हिएतांचा. जून 1948 मध्ये सोव्हिएत फौजांनी तिथे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. आत वीस लाखांवर माणसं. हवेतले तीन मार्ग तेवढे करारानुसार खुले होते. त्यांवरूनच अमेरिकन आणि ब्रिटिश विमानांनी शहराला अन्न आणि कोळसा पुरवला. त्या तीन मार्गांचीच ही तीन बोटं. मूळ स्तंभ बर्लिनला टेम्पेलहोफ विमानतळापुढे 1951 साली उभा राहिला. तुम्ही पाहिलात तो त्याचा जोडीदार, 1985 चा. बर्लिनचा पश्चिमेकडे झुकतो, फ्रँकफर्टचा बर्लिनकडे.

सुरुवात डकोटांनीच झाली, पण एका खेपेला जेमतेम तीन टन. स्कायमास्टर दहा टन न्यायचं. शिवाय दोघांचा वेग वेगळा, त्यामुळे एकाच रांगेत चालवायची पंचाईत. शेवटी अमेरिकनांनी डकोटा बाजूला काढली. जुलैअखेर सगळा कारभार विल्यम टनर नावाच्या जनरलकडे आला. हा गृहस्थ आपल्याकडे तयार झालेला, असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणारी विमानं त्याच्याच हाताखाली उडत. ब्रह्मपुत्रेकाठच्या पावसाळ्यात जे शिकला ते त्याने जर्मनीत वापरलं.

13 ऑगस्टच्या शुक्रवारी बर्लिनवर ढग इतके खाली आले की टेम्पेलहोफला एक स्कायमास्टर धावपट्टीच्या टोकाशी कोसळून जळालं, दुसऱ्याचे टायर फुटले आणि वर विमानांची चळत घिरट्या घालत राहिली. त्या चळतीत खुद्द टनरचंही विमान होतं. त्याने बाकीच्या सगळ्यांना परत पाठवलं. त्यानंतर नियम झाला : ऊन असो की धुकं, उड्डाण उपकरणांवरच करायचं, आणि बर्लिनला उतरायचा प्रयत्न एकदाच. चुकला तर माल तसाच घेऊन माघारी. फ्रँकफर्टकडून दक्षिणेच्या मार्गाने जायचं आणि मधल्या मार्गाने परतायचं, दोन विमानांत अंतर तीन मिनिटांचं. वैमानिक कँटीनमध्ये रेंगाळतात म्हणून त्यांना बर्लिनला विमानापासून हलायची बंदी झाली. कॉफी आणि खाण्याची गाडीच विमानापाशी यायला लागली, आणि तक्रार नको म्हणून तीवर सुंदर जर्मन मुली.

हे सगळे सांगतात. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला मात्र वेगळंच दिसतं. नेलेल्या मालात जवळजवळ दोन तृतीयांश होता कोळसा. विमानात कोळसा! पोती कितीही बांधली तरी त्याची पूड फरशीच्या फटींतून खाली उतरते, पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या कंट्रोल केबलवर बसते, विजेच्या जोडण्यांत शिरते. केबल पुलीवरून फिरते तिथे ही पूड आणि ग्रीस मिळून काळी लापशी होते आणि ती केबलचा एकेक तंतू कापत जाते. हात फिरवला की तुटलेली टोकं बोटाला टोचतात. त्यात स्कायमास्टर मुळात लांब पल्ल्याचं विमान. इथे त्याला पूर्ण भारानिशी दोन तासांच्या आत उतरवायचं आणि परत पाठवायचं. ब्रेक, टायर, पुढच्या चाकाचा दांडा, सगळ्यांची वाट लागायची.

दर 200 तासांनी तपासणी, ती पुढे इंग्लंडमधल्या बर्टनवूडला होऊ लागली. 1000 तास झाले की विमान थेट अमेरिकेला. तरी हात कमी पडत होते, म्हणून टनरने जर्मन मेकॅनिक घ्यायची परवानगी मिळवली. तीन वर्षांपूर्वी हीच मंडळी हिटलरच्या हवाई दलाची विमानं दुरुस्त करत होती! त्यांच्यासाठी अमेरिकन मॅन्युअलं जर्मनमध्ये उतरवली गेली. दोस्तीची भाषणं कुणीही करील. पण कालच्या शत्रूने घट्ट केलेल्या नटबोल्टवर दहा टन कोळसा घेऊन उडायचं, याला मी जास्त किंमत देतो. 30 सप्टेंबर 1949 ला मोहीम थांबली तोवर पावणेतीन लाखांवर उड्डाणं आणि 23 लाख टनांच्या आसपास माल झाला होता. वेढा मे महिन्यातच उठला होता, तरी साठा करून ठेवला. रुमालाची पॅराशूट करून बर्लिनच्या पोरांना चॉकलेटं टाकणारा गेल हॅल्व्हर्सन, तोही ऱ्हाइन-माइनवरूनच उडायचा. 2022 साली तो 101 वर्षांचा होऊन गेला.

पुढे तळ अमेरिकनांचं युरोपातलं दार होऊन बसला. शिपाई म्हणून आलेला एल्व्हिस प्रेस्ली मार्च 1960 मध्ये इथूनच घरी गेला. जानेवारी 1981 मध्ये तेहरानहून सुटलेले 52 अमेरिकन ओलीस इथे उतरले आणि वीसबाडनच्या इस्पितळात नेले गेले. 8 ऑगस्ट 1985 च्या सकाळी रेड आर्मी फॅक्शन या जर्मन डाव्या दहशतवादी संघटनेने तळाच्या आत गाडीत बॉम्ब उडवला, दोघे गेले. आत शिरायला लागणारं ओळखपत्र त्यांनी आदल्या रात्री एका तरुण अमेरिकन सैनिकाला मारून मिळवलं होतं. नव्वदीत बोस्नियातल्या युद्धात वेढलेल्या सारायेव्होला अन्न नेणारी अमेरिकन विमानं इथून उडाली. ती मोहीम बर्लिनपेक्षा लांबली, पण तिची आठवण कुणी काढत नाही.

तळ गेला त्याचं कारण साधं आहे : नागरी विमानतळाला जागा पुरेना. 1999 च्या करारानुसार त्याचं काम रामश्टाइन आणि श्पांगडालेम या जर्मनीतल्याच अमेरिकन तळांवर हलवलं. 2015 साली बांधायला घेतलेलं टर्मिनल 3 त्याच जमिनीवर आहे. आणि तुमची मुलगी रोज जाते ते गेटवे गार्डन्स? तिथे अमेरिकन सैनिकांची बिऱ्हाडं होती. घरं पाडून ऑफिसं उभी राहिली, नाव तेवढं तेच ठेवलं.

प्रश्न : हिंडेनबर्ग हवाईजहाज इथूनच निघालं होतं का? अमेरिकनांच्या आधी इथे काय होतं?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : हो. हा विमानतळ 1936 साली सुरू झाला तोच विमानं आणि झेपेलिन, म्हणजे वायू भरलेली प्रचंड हवाईजहाजं, दोन्हींसाठी. हिंडेनबर्ग 3 मे 1937 ला इथून सुटलं आणि 6 मे रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला उतरताना जळालं. हवाईजहाजांचे हँगर 1940 मध्ये पाडले. कर्मचाऱ्यांसाठी शेजारी वसवलेलं झेपेलिनहाइम हे गाव अजून आहे, तिथे छोटं संग्रहालयही आहे.

पण मित्रा, आधीचं विचारतोस तर एक गोष्ट झेपेलिनपेक्षा महत्त्वाची. 1944 च्या ऑगस्टमध्ये आउशविट्झहून 1700 हंगेरियन ज्यू मुली आणि बायका विमानतळाशेजारी वाल्डोर्फच्या छळछावणीत आणल्या गेल्या. जेट लढाऊ विमानांसाठी काँक्रीटची धावपट्टी हवी होती, म्हणून त्यांच्याकडून झाडं तोडून, सिमेंटची पोती वाहवून घेतली. नोव्हेंबरात छावणी मोडली. युद्धाच्या शेवटापर्यंत त्यांतल्या फार थोड्या जगल्या. पुढे गावात कुणी तो विषय काढलाच नाही. 1972 साली तिथल्याच काही तरुणांनी बुखेनवाल्ड या जुन्या छळछावणीच्या जागी लावलेल्या छावण्यांच्या नकाशात स्वतःच्या गावाचं नाव वाचलं आणि घरी येऊन मोठ्यांना विचारायला लागले. आज त्या जंगलात माहितीफलकांची वाट आहे, छावणीच्या स्वयंपाकघराच्या तळघराचे अवशेष उकरून जपले आहेत. फ्रँकफर्टला मधे बऱ्याच तासांचा थांबा असेल आणि व्हिसा असेल, तर विमानं बघण्याआधी तिकडे जा.