नाताळची जुनी सजावट पाचशे रुपयांत नव्यासारखी कशी करता येईल?

तुम्ही चार वस्तू सांगितल्या आहेत: चार फुटी प्लास्टिकचं झाड, रंग उडालेले गोळे, अर्धीच पेटणारी लाइटची माळ आणि कागद फाटलेला बांबूचा तारा. पाचशे रुपयांत नवं झाड किंवा नवे गोळे घेऊ नका. पैसे तारा आणि माळ यांवर घाला. झाडाला साबण, पाणी आणि एक दुपार पुरेशी आहे.

सुरुवात ताऱ्यापासून करा, कारण रस्त्यावरून आधी तोच दिसतो. सांगाडा शाबूत असेल तर नवा तारा आणण्याचं काहीच कारण नाही. जुना कागद ओल्या फडक्याने भिजवून दहा मिनिटं ठेवा, मग तो अलगद सुटतो. सुरीने खरवडलात तर कामटी चिरते. सैल झालेल्या गाठी जाड दोऱ्याने पुन्हा आवळा आणि वर फेव्हिकॉलचा थेंब द्या.

कामटी मोडली असेल तर माप असं घ्या. 60 सें.मी.च्या कामटीवर दोन्ही टोकांपासून 23 सें.मी.वर खूण करा. मध्ये 14 सें.मी. उरतात. पाचही कामट्या एकमेकींना याच खुणांवर छेदल्या पाहिजेत, नाहीतर एक टोक लांब आणि दुसरं आखूड होतं. (तुमचा तारा लहान-मोठा असेल तर कामटीच्या लांबीला 0.38 ने गुणा.) असे दोन सांगाडे समोरासमोर ठेवून त्यांची टोकं बांधतात आणि आतल्या पाच छेदांवर 15 सें.मी.च्या आडव्या काड्या देतात. ताऱ्याला फुगीरपणा येतो तो या काड्यांमुळे.

कागद पतंगाचाच घ्या. जिलेटीन पारदर्शक असतं, त्यातून दिव्याचा नुसता ठिपका दिसतो. पतंगाच्या कागदातून उजेड पसरतो. मात्र तारा उघड्या गच्चीवर लावणार असाल तर जिलेटीनच बरं, कारण डिसेंबरातल्या दवाने पतंगाचा कागद लोंबतो आणि त्याचा रंग उतरतो. वरच्या मापाला 15 सें.मी. पाया आणि 23 सें.मी. बाजूंचे 20 त्रिकोण लागतात आणि मध्यासाठी 14 सें.मी. बाजूचे दोन पंचकोन. दुमडायला प्रत्येक बाजूला दीड सें.मी. जास्त ठेवा. चार ताव पुरतात. पंचकोन वेगळ्या रंगाचे केले तर तारा जास्त उठून दिसतो.

चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर ढवळत राहा, काचेसारखी चमक आली की उतरवा. झुरळं आणि कसर लागू नये म्हणून पुस्तकं बांधणाऱ्यांसारखं चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला. ते विषारी आहे, त्यामुळे भांडं टाकाऊ घ्या आणि मुलांना लांब ठेवा. खळ कागदाला नको, कामटीला लावा. कागद ओला झाला की फाटतो. मागचा एक त्रिकोण दोन बाजूंनी मोकळा सोडा, तिथून दिवा बदलता येतो. आत 5 वॅटचा एलईडी लावा. जुन्या 60 वॅटच्या बल्बने कागद करपतो, पेटूही शकतो. ताऱ्याचा भार वायरवर नको, वेगळ्या सुतळीवर घ्या.

आता माळ. पिन काढल्याशिवाय हात लावू नका, कारण स्वस्त माळेत 230 व्होल्टचा प्रवाह थेट फिरतो. अर्धीच माळ विझते कारण दिवे एकामागोमाग जोडलेले असतात आणि एक जोड तुटला की तेवढा भाग बंद पडतो. बहुतेक वेळा दोष पिनेजवळ, कंट्रोलरच्या डबीपाशी किंवा दिव्याच्या पायांशी असतो. दमट हवेत तांब्यावर हिरवा कळंक चढतो. तो ब्लेडने खरवडून तार चमकवा, जोड सोल्डर करा आणि वर स्लीव्ह (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून गरम करा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर समुद्राकाठच्या गावात पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दिवा बदलायचा असेल तर त्याच रंगाचा घ्या: लाल-पिवळ्या एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला 3. पायांची दिशाही तीच ठेवा. खराब दिवे काढून वायर थेट जोडत गेलात तर उरलेल्यांवर ताण वाढतो आणि तेही जातात. वायरचं आवरण तडकलं असेल किंवा पिन गरम होत असेल तर ती माळ फेकून नवी घ्या. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात बोहरी आळीत घासाघीस करता येते. रंग पिवळसर पांढरा निवडा, त्यात जुने गोळेही चांगले दिसतात.

झाडासाठी बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण घाला. फांद्या बुचकळा, घासू नका. गरम पाण्याने पातं वाकडं होतं. पाणी झटकून सावलीत उलटं टांगा आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबा, कारण आतल्या तारेला गंज लागला की हिरव्या पात्यावर तपकिरी डाग येतात. लावताना खोडापासून टोकाकडे एक काडी वर, एक डावीकडे, एक उजवीकडे अशी उघडत जा. झाड विरळ दिसतं ते बहुधा या कामाचा कंटाळा केल्यामुळे. माळ बाहेरून गुंडाळण्याऐवजी प्रत्येक फांदीवरून आत-बाहेर न्या.

चकाकी शाबूत असलेले गोळे फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसा. स्पिरिट किंवा थिनरने मुलामाच निघतो. सोललेल्यांना बारीक पॉलिश पेपर मारून दोन पातळ हात ॲक्रिलिक रंग द्या, किंवा फेव्हिकॉल लावून जुन्या साडीची जर गुंडाळा. थर्माकोलच्या वस्तूंवर स्प्रे रंग मारू नका, थर्माकोल विरघळतं.

सजावट उतरवल्यावर गोळ्यांच्या डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडून चिकटतं. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि तारा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टांगून ठेवा, आडवा नको.