वडिलांचं मृत्युपत्र ऑनलाइन फॉर्म भरून केलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७६ वर्षांचे आहेत, गिरगावात पागडीची खोली आहे, डोंबिवलीला स्वतःचा फ्लॅट आणि बँकेत थोड्या ठेवी आहेत. एका वेबसाइटवर हजारभर रुपयांत मृत्युपत्र होतंय, आधारच्या ई-सहीनं घरबसल्या उरकेल, तर करावं का?

मी वकील नाही. आमच्या मामांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांच्या मागे ते निस्तरताना दोन वर्षं कागदांची पिशवी घेऊन मी फिरलो, तेवढंच माझं शिक्षण.

ई-सहीचं आधी सांगतो. ती चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ज्या कागदांना लागू नाही त्यांची यादी त्याच्याच पहिल्या परिशिष्टात आहे, आणि तीत मृत्युपत्र आहे. पीडीएफ कितीही देखणी असो, ती छापून वडिलांनी पेनानं सही करायची आणि दोन साक्षीदारांनीही. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. (तरी वडिलांच्या वयात नोंदणी करा आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. ‘बाबांना तेव्हा कळत कुठे होतं’ हे वाक्य आपल्याच घरातून येतं.)

आता पागडी. मामा फसले ते इथे.

खोली खेतवाडीत, दुसरा फ्लॅट बदलापूरला. मुलगा मामांजवळ राहायचा, मुलगी लग्न होऊन ठाण्याला. मामीचं दुखणं मुलीनंच काढलं होतं, म्हणून मामांच्या मनात होतं की खोली तिला द्यावी, उद्या चाळीचा पुनर्विकास झाला तर चांगली जागा तिच्या पदरात पडेल. बदलापूरचा फ्लॅट मुलाला. फॉर्ममध्ये रकाने होते: पत्ता, क्षेत्रफळ, कोणाला, किती टक्के. मामांनी ‘१८० चौरस फूट, मुलीला, १०० टक्के’ भरलं. समोर हिरवी बरोबरची खूण आली.

पण पागडीच्या खोलीचे आपण मालक नसतो, भाडेकरू असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्या मृत्यूच्या वेळी जो कुटुंबीय त्याच्यासोबत तिथे राहत होता, त्याच्याकडे भाडेहक्क जातो. तो मृत्युपत्रानं देता येत नाही. जुन्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टखाली सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच हे सांगून ठेवलंय. शेवटी काय झालं? खोली मुलाला, कारण तो तिथे राहत होता. फ्लॅटही मुलाला, कारण तसं मृत्युपत्रात होतं. ताईच्या वाट्याला मामीच्या पाटल्या.

कोणीही जुना गिरगावकर वकील पहिला प्रश्न विचारतो, ‘खोली मालकीची की पागडीची?’ तेवढं विचारलं असतं तर दोन नावांची अदलाबदल करून काम भागलं असतं. फॉर्ममध्ये त्याचा रकानाच नव्हता. मामेभाऊ वाईट नाही, पण घरात बायको आहे, मुलं आहेत, मिळालेलं कोण सोडतं? गणपतीला ताई आता तो ऑफिसात असताना येऊन जाते.

डोंबिवलीच्या फ्लॅटबद्दल थोडक्यात. सोसायटीत तुमच्या नावानं नॉमिनेशन असलं तरी त्यानं मालकी ठरत नाही, ती मृत्युपत्रानं नाहीतर वारसा कायद्यानं. शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच म्हटलं. आणि इमारत पुनर्विकासात जाण्यासारखी असेल तर नुसता फ्लॅट नंबर लिहू नका, ‘त्याच्या बदल्यात मिळणारी जागा’ असे शब्द हवेत. ज्यांचा उल्लेख राहून गेला त्या मालमत्तेचं काय, याचंही एक कलम घाला.

साक्षीदार निवडताना वडिलांच्या कट्ट्यावरचे मित्र नकोत. वाद झाला तर साक्षीदाराला कोर्टात येऊन सही शाबीत करावी लागते, तेव्हा तो हयात हवा. मामांचा एक साक्षीदार त्यांच्या आधीच गेला होता. ज्याला काही मिळणार आहे त्यानंही सही करू नये. ख्रिस्ती-पारशी मृत्युपत्रात तसं केल्यास त्याचा वाटाच रद्द होतो. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला जागा कशाला ठेवायची?

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब करून घेण्याबद्दल, जुनं वाचून घाबरू नका. मुंबईत ते सक्तीचं करणारं भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ संसदेनं डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. भांडण लागलं तर मृत्युपत्र सिद्ध करणं मात्र सुटत नाही.

माझं मत विचाराल तर एकच मालकीचा फ्लॅट, नवरा-बायको आणि एक मूल असं घर असेल तर वेबसाइटचा मसुदा टायपिंगचे कष्ट वाचवायला ठीक आहे. तुमच्याकडे पागडी आहे, तुम्ही वकिलाकडे जा. वकीलही असा बघा जो भाडेपावती मागेल, काही जण तर त्याच वेबसाइटचा मसुदा नावं बदलून देतात.

आणि जाण्याआधी ती पावती काढून बघा, कोणाच्या नावावर आहे. मामांकडची अजून आजोबांच्या नावानं फाटत होती, ते गेले १९८१ साली.