एकच मजला, एकच वर्ग

प्रश्न : मुलीला अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. हॉस्टेलच्या अर्जात ‘लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी’ असा एक पर्याय दिसतो. साध्या हॉस्टेलपेक्षा त्यात वेगळं काय असतं? तो घ्यावा का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : एकाच शाखेची किंवा एकाच आवडीची मुलं एका मजल्यावर ठेवायची आणि अभ्यासाची मदत त्या मजल्यावरच पोहोचवायची, अशी ही सोय आहे. व्हर्जिनिया टेकमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी ‘हायपेशिया’ नावाची अशी कम्युनिटी २००१ साली सुरू झाली. मुलांसाठीची ‘गॅलिलिओ’ त्यानंतर आली. मेरिलंड विद्यापीठातही मुलींसाठी ‘फ्लेक्सस’ आणि मुलांसाठी ‘व्हर्टस’ सुरू झाली.

आमचं मत स्पष्ट सांगतो : पर्याय घ्यावा, पण आधी विद्यापीठाला ईमेल करून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मजल्यावरच्या मुलींना कॅल्क्युलस, केमिस्ट्री किंवा इंजिनिअरिंगची ओळख करून देणारा विषय एकाच तुकडीत मिळतो का? शिकवणी घेणारे सीनिअर्स मजल्यावर येतात का, आणि आठवड्यातून किती संध्याकाळी? आणि एक क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचं एकक) सेमिनार सक्तीचा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर आलं, तर दारावरची पाटी तेवढी वेगळी. आत साधंच हॉस्टेल आहे असं समजा. नुसतं शेजारी राहून अभ्यास होत नाही. उद्याच्या क्विझची धास्ती दोघींना एकाच रात्री असली, की मग दार वाजवलं जातं. शेकडो मुलांच्या व्याख्यानात हात वर करायला बिचकणारी मुलगी रात्री शेजारणीला निःसंकोच विचारते. परदेशातल्या पहिल्या सेमिस्टरला याचा फार आधार असतो.

अर्ज करताना नेहमी होणारी चूक म्हणजे हॉस्टेलचा अर्ज भरला की कम्युनिटीचाही झाला, असं धरून चालणं. बऱ्याच ठिकाणी तिचा अर्ज वेगळा असतो, त्यात छोटे निबंध असतात आणि मुदतही आधी संपते. ठरवून एकत्र राहायचं असेल, तर रूममेटलाही त्याच कम्युनिटीत प्रवेश मिळालेला असावा लागतो. करार बहुधा पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो, मध्येच सोडल्यास दंड बसू शकतो. हिवाळ्याच्या सुट्टीत इमारत उघडी राहते का, तेही विचारा. हॉस्टेलच्या अनेक इमारती तेव्हा बंद होतात आणि भारतातून गेलेल्या मुलांची राहण्याची पंचाईत होते.

आणि एक, खास पालकांसाठी. मुलीचे मार्क कॉलेजला फोन करून कळतील, ही अपेक्षा ठेवू नका. तिथल्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर हक्क त्याचा स्वतःचा असतो. लेखी संमतीशिवाय कॉलेज सहसा काही सांगत नाही.

प्रश्न : अमेरिकेतल्या अशा मजल्यावर सगळ्यांच्या असाइनमेंट सारख्याच असतील, तर एकत्र बसून केल्या तर चालतं का? एखादा विषय झेपला नाही तर सोडता येतो का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : चर्चा करावी, पण उतरवून घेऊ नये. आपल्या हॉस्टेलात फाइल फिरते तशी तिथे फिरली, तर देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. प्रोग्रॅमिंगचा कोड तर सॉफ्टवेअरने ताडून बघतात, नुसती व्हेरिएबलची नावं बदलून सुटका होत नाही. सरळ पद्धत अशी : गणित फळ्यावर मिळून सोडवा, फळा पुसा, आपापल्या खोलीत जाऊन कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा. किती मदत चालते, हे प्रत्येक विषयाच्या सिलॅबसवर, म्हणजे त्या विषयाच्या माहितीपत्रकावर, लिहिलेलं असतं. दोन विषयांचे नियम सारखे असतीलच असं नाही.

विषय सोडता येतो. पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला साधारणपणे किमान १२ क्रेडिट लागतात. १४ क्रेडिट घेतलेले असताना ४ क्रेडिटचं कॅल्क्युलस सोडलं तर १० उरतात आणि व्हिसाची स्थितीच धोक्यात येते. म्हणून विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्या. नंतर धावपळ करून उपयोग नसतो.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलात असं काही करता येईल का? वेगळा निधी नाही.
– एक रेक्टर, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : येईल, आणि एका मजल्यापासूनच सुरुवात करावी. पहिली अडचण खोलीवाटपाची. आपल्याकडे जो आधी येतो त्याला खोली मिळते आणि डिव्हिजन नंतर पडते. त्यामुळे एका खोलीतल्या तिघांची वेळापत्रकं तीन तऱ्हांची होतात. पहिले काही दिवस तात्पुरत्या खोल्या द्या. डिव्हिजन आणि प्रॅक्टिकल बॅच लागल्या की एका डिव्हिजनची २४ ते ३० मुलं एका मजल्यावर हलवा. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीतून येणाऱ्यांसाठी चार-पाच खाटा राखून ठेवा. उशिरा आलेला मुलगाच सगळ्यात एकटा पडतो.

एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना रुळवण्याच्या कार्यक्रमात मुलांचे छोटे गट करून प्रत्येकाला एक प्राध्यापक-मार्गदर्शक देतात. तोच गट मजल्यावर कायम ठेवा आणि त्या प्राध्यापकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ हॉस्टेलात यावं. कॉमन रूममध्ये एक फळा, सात-आठ मोठी टेबलं आणि चांगला उजेड एवढं पुरतं. ड्रॉइंगची शीट खाटेवर होत नाही.

सीनिअर्सच्या बाबतीत मात्र अमेरिकेची नक्कल नको. तिथे मोठा विद्यार्थी मजल्यावरच राहतो; आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं असतं. म्हणून आठ-दहा मुलांमागे एक सीनिअर नेमा, पण त्याने ठरलेल्या वेळी, समजा आठ ते साडेनऊ, कॉमन रूममध्येच शिकवावं. खोल्यांमध्ये जायचं नाही. रजिस्टरमध्ये सही आणि हॉस्टेलचा एक कर्मचारी हजर, हे रोज पाळलं गेलं पाहिजे.

कृपा करून मार्कांवरून ‘हुशारांचा मजला’ करू नका. एम-वनमध्ये (पहिल्या सेमिस्टरच्या गणितात) चाचपडणारा आणि त्यात रमणारा शेजारी असावेत. मराठी माध्यमातून आलेल्यांनाही वेगळं काढू नका. मजल्याचं काम पहिल्या युनिट टेस्टनंतर तपासा : किती जण नापास झाले, त्यातले किती संध्याकाळी कॉमन रूममध्ये येत होते. जे येत नव्हते, त्यांच्या खोलीवर रेक्टरनी स्वतः जाऊन चौकशी करावी.