जांघेतल्या शिरा ब्लॉक असतील तर किडनी ट्रान्सप्लांट होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की भावाचं डायलिसिस चार वर्षं चालू आहे, दोन्ही जांघांत अनेकदा नळ्या घातल्या गेल्या, आता डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) 'दोन्ही इलियाक शिरा बंद' (जांघेच्या वर, ओटीपोटातून पायांचं रक्त वर नेणाऱ्या मोठ्या शिरा) आलंय आणि एका ठिकाणी ट्रान्सप्लांटला नकार मिळालाय.

एवढ्याच रिपोर्टवर नकार पक्का धरू नका. शिरा कुठून कुठपर्यंत बंद आहेत आणि त्याच्या वर काय उघडं आहे, हे आधी कळायला हवं.

नवी किडनी ओटीपोटात, सहसा उजवीकडे बसवतात आणि पायाच्या वाटेवरच्या इलियाक धमनीला व शिरेला जोडतात. रक्त आत आणणं एक वेळ जमतं, खरी अडचण ते बाहेर काढण्याची. मूळ किडनीला बारीकसारीक आडवाटा असतात. बसवलेल्या किडनीला जोडलेली शीर हीच वाट. ती तुंबली की किडनी सुजते, दुखते, लघवी लाल होते किंवा एकदम थांबते. हे बहुधा पहिल्या आठवड्यात होतं आणि काही तासांत पुन्हा पोट उघडलं नाही तर किडनी जाते. सर्जन उगाच बिचकत नाहीत.

आता तपासणी. डॉप्लरला पोटातल्या खोल शिरा नीट दिसत नाहीत, आतड्यातला गॅस आड येतो. सीटी व्हेनोग्राफी (शिरेत डाय म्हणजे रंगद्रव्य सोडून काढलेले शिरांचे फोटो) करा, पण साधा 'पोटाचा सीटी' नको. डाय दिल्यावर लवकर फोटो काढले तर किडनीच्या शिरांतून डायवालं रक्त महाशिरेत (दोन्ही इलियाक मिळून होणारी, पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर) येतं, पायांकडून बिनडायचं येतं, आणि त्या मिसळीत गुठळी असल्याचा भास होतो. फोटो उशिरा, साधारण दोन ते तीन मिनिटांनी हवेत. तरी शंका उरली तर नळी घालून व्हेनोग्राफी. पाय सुजलेला नाही म्हणून शीर उघडी, असं समजू नका. वर्षानुवर्षांच्या बंद शिरेभोवती आडवाटा तयार होतात. पोटाच्या कातडीवर फुगलेल्या शिरा दिसतात का ते बघा.

एकच बाजू बंद असेल तर दुसरी वापरतात. दोन्ही इलियाक बंद पण महाशीर उघडी असेल तर किडनी वर सरकवून थेट महाशिरेला जोडतात आणि धमनी महाधमनीला किंवा वरच्या इलियाकला. लहान मुलांत मोठ्याची किडनी बसवताना हे नेहमीच करतात. फक्त तेवढ्या उंचीवरून मूत्रनलिका मूत्राशयापर्यंत पोचली नाही, तर ती पेशंटच्या स्वतःच्या मूत्रनलिकेला जोडावी लागते. महाशीरही बंद असेल तर डावी मूळ किडनी काढून तिचीच शीर, एखादी चांगली रुंद झालेली आडवाट किंवा आतड्याकडची शीर वापरता येते. ही कामं थोडेच सर्जन करतात. तिथे मात्र 'तुम्ही स्वतः किती केल्या?' हे बेलाशक विचारा.

स्टेंटचा (शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीचा) सल्ला मिळाला तर टाकण्याआधी ट्रान्सप्लांट सर्जनला दाखवा. जिथे टाका घालायचा तिथेच जाळी आली, तर उघडलेली शीर असून नसल्यासारखी.

दाता नात्यातला असेल तर डावी किडनी सोयीची, तिची शीर लांब असते. मृत दात्याची उजवी असेल तर महाशिरेचा तुकडा जोडून शीर वाढवता येते.

रक्त गोठण्याच्या तपासण्याही करा: अँटिफॉस्फोलिपिड, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन. भाऊ वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवणारी गोळी) असेल तर आधी सांगा. त्या गोळीने सी आणि एस मुळातच कमी दिसतात. दोष सापडला तर ऑपरेशननंतर रक्त गोठू न देणारं हेपरिन लागतं, आणि मग रक्तस्रावाची धास्ती वेगळी.

तोवर जांघेत आणखी नळी नको. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडणं) शक्य नसेल तर मानेच्या उजव्या बाजूची शीर उघडी आहे का ते आधी पाहायला सांगा. अगदी अडलंच आणि जांघच उरली, तर किडनी कोणत्या बाजूला बसवायचा बेत आहे ते सर्जनला विचारून दुसऱ्या बाजूला घाला.